माजी सैनिकांची डिसॅबिलिटी पेन्शन: पहिल्या नकारावर गप्प बसू नका

मा. संपादक साहेब यांस,
स.न.वि.वि.

मी तोफखान्यातला रिटायर्ड हवालदार, राहणार तालुका चिपळूण. १९८५ ला गनर म्हणून भरती झालो आणि २००९ ला पेन्शनवर घरी आलो. पेपरला पत्र कधी लिहिलेलं नाही, चुका असतील त्या सांभाळून घ्या, पण ह्या शिमग्याला एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलोय.

पालखी आमच्या वाडीत आली होती, सगळे अंगणात जमलेले, तेव्हा पलीकडच्या वाडीतला एक जुना शिपाई मला बाजूला घेऊन गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद त्याने शर्टाच्या आतून काढला. दादा हे जरा वाचून सांगा काय लिहिलंय, कोणाला दाखवायचं तेच कळत नव्हतं, असं बोलला. कागद बारा वर्षांपूर्वीचा. रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानांचे कागद सांभाळणाऱ्या फौजेच्या ऑफिसचं पत्र, इंग्लिशमध्ये, दोन पानी. पहिल्या पानावर होतं की तुमचा डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे सर्व्हिसमुळे आलेल्या अपंगत्वाच्या पेन्शनचा क्लेम नामंजूर, कारण तुमचा गुडघ्याचा आजार सर्व्हिसमुळे झालेला नाही आणि सर्व्हिसमुळे वाढलेलाही नाही. आणि दुसऱ्या पानावर अगदी खाली होतं की निर्णय मान्य नसेल तर सहा महिन्यांच्या आत अपील करा. बारा वर्षं तो माणूस लंगडत लंगडत दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखण करतोय आणि ते दुसरं पान त्याला कोणी वाचून दाखवलंच नाही.

मी त्याला काय बोलणार. माझ्या स्वतःच्या ट्रंकेत असंच पत्र चार वर्षं पडून होतं.

माझं कानाचं. चोवीस वर्षं तोफांवर काढली, देवळाली, पोखरण, कुठे कुठे फायरिंग रेंज केल्या. आमच्या वेळेला कानात कापसाचे बोळे घालायचे आणि कामाला लागायचं, बोळा पडला तर पडला, गोळा भरताना कोण बघत बसतो. तोफेच्या आवाजाने कान एकदम जात नाही, आधी बारीक आवाज जातात. पहिल्यांदा भजनात झांज ऐकू येईना, मृदंग नीट यायचा पण झांज नाही, मला वाटलं वाजवणाराच हळू वाजवतोय. मग कुकरची शिट्टी, मग पाखरं. आता नात बोलते ते तिच्या ओठांकडे बघितल्याशिवाय मला कळत नाही. बायकोचा घसा दुखतो माझ्याशी बोलून.

रिटायर व्हायच्या आधी रिलीज मेडिकल बोर्ड होतं, आपले लोक त्याला नुसतं आरएमबी म्हणतात. एका मिलट्री हॉस्पिटलात माझं झालं. फॉर्म असतो तो एएफएमएसएफ-१६, त्यात आजार लिहितात, टक्केवारी लिहितात आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा आजार सर्व्हिसमुळे झाला का, आणि सर्व्हिसमुळे वाढला का, ह्या दोन प्रश्नांची हो किंवा नाही अशी उत्तरं लिहितात. माझ्या फॉर्मवर दोन्ही कानांचं मिळून २० टक्के लिहिलं आणि दोन्ही प्रश्नांना नाही. मी सही केली. वाचलंच नाही. घरी जायचं होतं, रेल्वेचं तिकीट खिशात होतं, ट्रंक रंगवून त्यावर गावाचं नाव लिहून तयार होती, चोवीस वर्षांनी घरी चाललेला माणूस फॉर्म कुठे वाचतो. क्लार्क बोलला इथे इथे सही, मी इथे इथे सही केली. तेच माझं पहिलं चुकलं, म्हणून आज जी पोरं एक दोन वर्षांत घरी येणार आहेत त्यांच्या घरच्यांनी हे पत्र कापून त्यांना पाठवा, व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवलं तरी चालेल. आरएमबीच्या दिवशी घाई करू नका. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, समजलं नाही तर विचारा, आणि पूर्ण प्रोसीडिंगची कॉपी घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.

ह्या दोन नाहींना फौजेत एकत्र नाना म्हणतात, इंग्लिश शब्दांची पहिली अक्षरं जोडून झालेलं ते नाव आहे. हजारो जवानांच्या फाईलवर तो शिक्का बसलाय आणि जवानाला वाटतं डॉक्टरने लिहिलं म्हणजे संपलं. पण साहेब मला सांगा, भरतीच्या वेळेला काय काय बघतात? कोकणातल्या घरोघरी हे माहितीये. छाती फुगवून मोजतात, दात मोजतात, कानात बॅटरी घालून बघतात, तळपाय सपाट आहे का बघतात, गुडघ्याला गुडघा लागतो का बघतात, आमच्याच वाडीतली धावण्यात एक नंबर असलेली दोन पोरं नुसती तळपाय सपाट म्हणून परत आली. एवढं चाळणीतून गाळून घेतात. मग ज्या माणसाला तुम्ही स्वतः फिट म्हणून घेतलंत, आणि घेताना कागदावर कुठलाही आजार लिहिला नाहीत, त्याचा कान, त्याचा गुडघा, त्याचं डोकं चोवीस वर्षांनी बिघडलं तर ते त्याच्या घरून आलं असं कसं म्हणता?

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. सुप्रीम कोर्टाने २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार ह्या केसमध्ये हेच सांगितलंय. धरमवीर सिंग सिग्नल्सचा शिपाई, त्याला फिट्स यायला लागल्या म्हणून घरी पाठवलं आणि पेन्शन नाकारली. कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळेला आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा तंदुरुस्त होता असंच धरायचं, नंतर तब्येत बिघडली तर ती सर्व्हिसमुळे असं धरायचं, आणि तसं नाहीये हे सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही तर सरकारवर आहे, आणि मेडिकल बोर्ड नाही म्हणत असेल तर त्याने का नाही ते लिहिलं पाहिजे. हे कळलं तेव्हा मी त्या रात्री झोपलो नाही. मला हे कळलं २०१४ ला, खेडच्या स्टँडवर भेटलेल्या एका जुन्या सोबत्याकडून, तोवर मी समजत होतो की कान गेला ही माझीच काहीतरी कमी.

नकाराचं अजून एक ठरलेलं कारण असतं, की आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत सुरू झाला, फील्डमध्ये, म्हणजे सरहद्दीवर नाही. ह्याचा मला फार राग येतो. तीन वर्षं माणूस वर बर्फात राहतो, तिथे डोकं दुखलं तर गोळी घेऊन पुढे, मग युनिट खाली पीस स्टेशनला येतं, तिथे मोठं हॉस्पिटल असतं, तपासणी होते, बीपी सापडतं, कान तपासतात, गुडघ्याचा एमआरआय होतो. म्हणजे आजार सापडला तिथे, कारण तपासायचं मशीन तिथे होतं. आपल्याकडे बागवाल्याला विचारा, मोहोर काळा पडलेला दिसतो त्या दिवशी तुडतुडा आलेला नसतो, तो आधीच येऊन बसलेला असतो. ज्या तारखेला दिसलं ती तारीख धरून निकाल द्यायचा ही पद्धत बरोबर नाही.

आता पैशाचं सांगतो कारण लोक विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग, एक सर्व्हिस एलिमेंट आणि दुसरा डिसॅबिलिटी एलिमेंट. नेहमीसारखा रिटायर झालेला असतो त्याला सर्व्हिस पेन्शन चालूच असते, प्रश्न असतो तो दुसऱ्या भागाचा. तो १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि त्या प्रमाणात खाली. समजा शेवटचा पगार ४० हजार धरला तर १०० टक्क्याला १२ हजार, २० टक्क्याला २४०० रुपये. पण त्याच्यावर ब्रॉड बँडिंग म्हणून एक आहे, म्हणजे ५० च्या खाली कितीही असलं तरी ते ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, त्याच्या वर १००. म्हणजे त्या २४०० चे ६००० होतात आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा. आधी सरकार म्हणायचं की हे ब्रॉड बँडिंग फक्त सर्व्हिसमधून अपंग म्हणून बाहेर काढलेल्यांना, मुदत संपवून आलेल्यांना नाही, पण १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही लागू धरलं. लढाईत किंवा ऑपरेशनमध्ये जखमी झालेला असेल तर त्याची वॉर इंज्युरी पेन्शन वेगळी आणि जास्त असते, त्याने ह्या हिशोबात अडकू नये. आणि २० टक्क्याच्या खाली लिहिलेलं असेल तर मुदत संपवून आलेल्याला हे मिळत नाही, म्हणून कोणाच्या फॉर्मवर १५ ते १९ लिहिलेलं असलं की मी त्याला सांगतो की आधी त्या आकड्यावरच अपील कर.

इथे एक घोटाळा कायम होतो तो सांगून टाकतो. सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला, ते यूडीआयडी कार्ड, ती वेगळी गोष्ट. तिथे सवलतीसाठी ४० टक्के लागतात, एसटीची सवलत वगैरे त्याच्यावर. मिलट्रीची पेन्शन मिलट्रीच्या मेडिकल बोर्डावर चालते. कितीतरी जण सिव्हिलचा दाखला रेकॉर्ड ऑफिसला पाठवून वर्षभर वाट बघत बसतात. दोन्ही काढा, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

माझं पुढे काय झालं ते थोडक्यात, कारण त्यात नवीन काही नाही, नुसती वाट बघणं आहे. उशीर झाल्याचं कारण लिहून पहिलं अपील टाकलं, नामंजूर. दुसरं अपील टाकलं, नामंजूर, त्याच दोन ओळी. मग मुंबईला आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल आहे तिथे अर्ज केला. हे ट्रायब्युनल २००७ च्या कायद्याने झालं आणि २००९ पासून चालू आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते आहे हेच माहीत नाही. वरती अपील करून सहा महिने झाले आणि उत्तर आलं नाही तरी तिथे जाता येतं. तारखेला मी रात्रीच्या गाडीने दादरला जायचो, भाचा बरोबर यायचा कारण मला तिथलं बोलणं ऐकू यायचं नाही, कानाच्या केसमध्ये कानच कामाला येत नव्हता. २०१८ ला निकाल लागला. २० चे ५० झाले. थकबाकी मिळाली ती अर्ज करायच्या आधीच्या तीन वर्षांची, त्याच्या मागची गेली. २००८ च्या तरसेम सिंग केसपासून हा तीन वर्षांचा हिशोब चालत आलाय. म्हणजे बघा, हक्क उशिराने मेला नाही, पण जितकी वर्षं पत्र ट्रंकेत पडून राहिलं तितक्या वर्षांचे पैसे गेले. त्या पालखीच्या रात्री मी त्या शिपायाला हेच सांगितलं की तुझी बारा वर्षं परत येतील असं मी तुला सांगणार नाही पण तेरावं वर्ष जाऊ देऊ नको.

आणि आता जे मला खरं लिहायचंय ते. आपल्याकडचा माणूस अर्जच करत नाही. लाजतो. मला स्वतःला लाज वाटली, चुलतभाऊ बोलला की हातपाय धड आहेत आणि अपंगाचे पैसे मागतोस, आणि मी गप्प बसलो. घरात लग्नाची मुलगी असेल तर बाप अपंग आहे हे कागदावर नको म्हणतात. कोकणी माणूस उपाशी राहील पण दारात जाऊन मागणार नाही, ह्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा, पण साहेब हे मागणं नाही. भरतीच्या वेळेला शरीर पूर्ण दिलं होतं, परत येताना जेवढं कमी आलं त्याचा हिशोब आहे हा.

ह्या लाजेने काय होतं त्याचं एक उदाहरण देतो, नाव गाव देत नाही. एक पोरगा, भरतीला जाऊन सहा सात वर्षं झालेली, त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. रात्री उठून पहारा द्यायला लागायचा, कोणीतरी मागे लागलंय म्हणायचा. फौजेने त्याला बोर्ड करून घरी पाठवलं, कागदावर स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या पुढे की हा घराण्याचा आजार. घराण्यात कोणाला नव्हता. घरच्यांनी काय केलं, देवरुष्याकडे नेलं, बाहेरची बाधा म्हणाले, कोंबडे झाले, गाऱ्हाणी झाली, दोन वर्षं त्याच्यात गेली. पेन्शन नाही, औषध नाही. बायको काजूच्या कारखान्यात लागली, काजूच्या तेलाने तिच्या बोटांची सालं गेलेली मी बघितलीयत, तिने दोन मुलं वाढवली आणि नवऱ्याला सांभाळलं. आज तो पन्नाशीचा आहे, पडवीत बसून असतो, मी गेलो की उठून सावधान उभा राहतो. तिने एकदाही अर्ज केला नाही कारण अर्ज केला तर वेडा आहे हे सगळ्या गावाला कळेल असं सासू म्हणायची. गावाला कळलेलंच होतं.

२०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्किझोफ्रेनियामुळे घरी पाठवलेल्या एका जवानाच्या केसमध्ये परत सांगितलं की मेडिकल बोर्डाने कारणं लिहिलीच पाहिजेत, कारण न लिहिता पेन्शन नाकारता येणार नाही. आणि २०१४ ला सुखविंदर सिंग केसमध्ये हेही सांगितलेलं आहे की अपंगत्वामुळे ज्याला सर्व्हिसमधून काढलं त्याचं अपंगत्व २० टक्क्याच्या वरच धरायचं. अशा माणसाला सर्व्हिस किती वर्षं झाली ते बघत नाहीत, अपंगत्व सर्व्हिसमुळे ठरलं की दोन्ही एलिमेंट मिळतात. मी हे तिच्या ओटीवर बसून तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच बोलली की एवढी वर्षं कोणी सांगितलं नाही.

कागदांचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा चिपळुणातल्या माझ्या एका सोबत्याचं सगळं गेलं, डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, हॉस्पिटलच्या चिठ्ठ्या, ट्रंक सापडली पण आत नुसता लगदा. त्याला वाटलं आता क्लेम कसला. तसं नाहीये. मेडिकलचे कागद रेकॉर्ड ऑफिसकडे असतात, तिथे आरटीआयचा अर्ज करायचा, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायची आणि साध्या भाषेत मागायचं की माझ्या रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, भरतीच्या मेडिकलची प्रत, आणि अपघात असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भरतीच्या मेडिकलची प्रत विसरू नका, कारण तिथे जे काही लिहिलेलं नाही तेच तुमच्या बाजूचं आहे. आरएमबीच्या फॉर्मवर तुमचं स्वतःचं स्टेटमेंट असतं, की भरतीच्या आधी मला काही आजार नव्हता, त्याच्यावर तुमचीच सही असते, ते पण बघा. आणि सोबत्याने जे केलं ते सगळ्यांनी करा, मिळालेले कागद मोबाईलमध्ये फोटो काढून मुलाला मुलीला पाठवून ठेवा, आपल्याकडे दर पावसाळ्याला काही ना काही वाहून जातं, निसर्ग वादळात दापोली मंडणगडकडे घरांचे पत्रे उडाले तेव्हा काय काय भिजलं ते आठवा.

हल्ली फौजेच्या पेन्शनचं सगळं स्पर्श नावाच्या सरकारी पोर्टलवर आलंय. जवळच्या सीएससी सेंटरवर जाऊन पण काम होतं. अडचण पोर्टलची कमी आणि आपल्या नेटवर्कची जास्त आहे, ओटीपीसाठी म्हातारी माणसं सड्यावर चढून उभी राहतात, पाऊस असला तर तेही नाही. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराने महिन्यातून एक दिवस दिला तरी अर्ध्या वाडीचं काम होईल.

एक बाजू लपवून ठेवणं मला बरं वाटणार नाही म्हणून लिहितो. चुकीच्या पद्धतीने टक्केवारी लावून घेणारे लोक आहेत, मला माहितीये, मोठ्या हुद्द्यावरचेही आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या जखमी माणसाकडे संशयाने बघतात. त्यांना पकडा, आम्ही मध्ये येणार नाही. सरकारने २०२३ ला नवे नियम आणले, ते २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहेत, त्याच्या आधी घरी आलेल्यांना जुनेच नियम लागतात, हे नीट लक्षात ठेवा कारण गावोगावी अफवा आहे की आता सगळ्यांचंच बंद झालं. बंद झालेलं नाही. जे त्या तारखेनंतर आलेत त्यांनी नवे नियम वाचून मगच अर्ज करावा. पण खोटा क्लेम करणारा एक सापडला म्हणून बागेत लंगडत राखण करणाऱ्याला बारा वर्षं बसवून ठेवायचं हा न्याय झाला नाही.

दुसरं, जवान केस जिंकला तरी सरकार वरच्या कोर्टात जातं, हे थांबलं पाहिजे. आपल्या शेजारच्या गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ ला त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि त्या समितीने स्पष्ट म्हटलं होतं की अपंग जवानांच्या विरोधातली सरकारी अपिलं मागे घ्या. दहा वर्षांच्या वर झाली. जो मुद्दा सुप्रीम कोर्टात अनेकदा ठरलेला आहे त्याच्यासाठी परत परत एकेका शिपायाला कोर्टात उभं करायचं, वकिलाचे पैसे त्याने भरायचे, आणि सरकारचे पैसे पण आपलेच.

वकिलावरून आठवलं. थकबाकीत अर्धा हिस्सा मागणारे एजंट फिरतायत, त्यांच्या कागदावर सह्या करू नका. अपंग माणसाला आणि बाईला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, १९८७ चा कायदा आहे तो. आणि २६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिवसाला, खास जवान आणि त्यांच्या घरच्यांसाठी वीर परिवार सहायता योजना पण चालू झालीय, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

आता विनंती. मंडणगड, दापोली, गुहागर, राजापूर, इथून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, गुडघा गेलेल्या माणसाने पहाटेची एसटी पकडून जायचं आणि साहेब दौऱ्यावर असले तर परत यायचं हे होत नाही. माझी प्रशासनाला विनंती आहे की पावसाळ्याच्या आधी एकदा आणि ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाच्या सुमाराला एकदा, असं वर्षातून दोनदा तालुक्याच्या गावी शिबिर लावा. भाषणं, हारतुरे नकोत. एक वकील, एक जाणता क्लार्क, एक झेरॉक्स मशीन, आणि ज्याच्याकडे नकाराचं पत्र आहे त्याने ते घेऊन यायचं. आणि ते पत्र मराठीत किंवा निदान हिंदीत असावं, अपिलाची ओळ दुसऱ्या पानाच्या खाली नाही तर पहिल्या पानाच्या वर असावी, ह्याला काही खर्च येत नाही. आमदार खासदारांनी हा प्रश्न वर मांडावा, मतं मागायला येतात तेव्हा आमच्या छातीवरच्या मेडलला हात लावतात म्हणून सांगतोय.

आपला भाग काही नवीन नाही ह्याला. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर फौजी शंभर सव्वाशे वर्षांपूर्वीही राहायचे, बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनवर आल्यावर तिथेच राहिले होते. त्याच दापोलीत महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर होते, फौजेतून रिटायर झालेले, आणि ते पेपरला पत्रं लिहायचे, अर्ज लिहायचे, फौजेत महारांची भरती बंद केली तेव्हा सरकारला विनंतीपत्र त्यांनीच तयार केलं. इंग्रजाच्या राज्यात एका निवृत्त फौजीने हे केलं, म्हणून मला पण पत्र लिहायला धीर आला.

संपादक साहेब, पत्र लांबलंय, कापायचं असेल तर माझी गोष्ट कापा पण आरटीआय आणि अपिलाचा भाग कापू नका. त्या गुडघेवाल्या शिपायाचं उशिराच्या कारणासकट अपील आम्ही गेल्या सोमवारी रजिस्टर पोस्टाने पाठवलंय. आणि पडवीत बसणाऱ्या त्या दुसऱ्याच्या बायकोने परवा आरटीआयच्या अर्जावर नवऱ्याची सही घेतली, त्याने नावाच्या आधी आपला आर्मी नंबर बरोबर लिहिला, एकही आकडा चुकला नाही.

आपला,
एक निवृत्त हवालदार, तोफखाना
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये ही विनंती)